रिक्षाच्या चाकांची काइट बग्गी, कर्दे-मुरुडच्या वाळूवर

काइट बग्गी ही तीन चाकांची, बिनइंजिनाची, जमिनीलगत बसून चालवायची गाडी. पतंग ओढतो, पाय पुढचं चाक वळवतात आणि हात पतंगावर असतात. न्यूझीलंडच्या पीटर लिन यांनी 1990 च्या सुमारास ती लोकप्रिय केली. रचना इतकी साधी आहे की गेट-ग्रिल करणारा कुठलाही वेल्डर ती बनवू शकतो. हे परीक्षण अशाच गाडीचं: 38 मिमीचा लोखंडी पाइप, 20 मिमीचा ॲक्सल, रिक्षाचे 4.00-8 टायर आणि ताडपत्रीची बैठक.

निकाल आधीच सांगतो. ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर गाडी छान पळते. कोरड्या, भुसभुशीत वाळूत रुतते. सांगाड्यात पैसे वाचतात, पण चाकांचे हब (चाकाचा मधला, बेअरिंग बसतात तो भाग) आणि पुढचा किंगपिन (ज्याभोवती पुढचं चाक वळतं तो खिळा) यांत काटकसर केली तर ती गाडी चालवू नये.

चाकांपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. रिक्षाचा टायर प्रत्येक तालुक्याच्या गावी मिळतो, पंक्चरवाल्याला तो तोंडपाठ असतो आणि बाहेरचा व्यास साधारण 16 इंच, म्हणजे बग्गीला हवा तेवढाच. अडचण रिमची आहे. ती दोन तुकड्यांची, बोल्टने जोडलेली असते आणि ड्रमवर बसते. तिच्यात बेअरिंग नसतं. म्हणून हब लेथवर वेगळा करून घ्यावा लागतो. टर्नरकडे रिम हातात घेऊन जा आणि बोल्टांच्या भोकांचं माप रिमवरूनच घ्यायला सांगा. दर हबला 6204 नंबरची दोन बेअरिंग, दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेली. आतलं भोक 20 मिमी, बाहेरचा व्यास 47, जाडी 14. तीन चाकांना मिळून सहा. दोन बेअरिंगांच्या आतल्या कड्यांमध्ये स्पेसर, म्हणजे अंतर राखणारी नळी, हवाच. तो नसला की नट आवळताच आतल्या कड्या एकमेकींकडे दाबल्या जातात, चाक जड फिरतं आणि बेअरिंग थोड्याच दिवसांत खडखडायला लागतं. टर्नर स्पेसर विसरतात. ऑर्डर देतानाच कागदावर काढून द्या.

वजन हा या टायरचा खरा दोष. टायर, ट्यूब, रिम आणि हब धरून एक चाक सहा-सात किलोंवर जातं आणि सगळी गाडी तीस किलोंच्या पुढे. बांधकामावरच्या ढकलगाडीची हवेची चाकं याच मापात, बेअरिंगसकट मिळतात आणि बरीच हलकी असतात. त्यांतली बेअरिंग मात्र सुमार असतात, ती आधी बदला. भरीव रबराची चाकं अजिबात घेऊ नका, ती वाळू कापत खाली जातात.

हवा रस्त्याच्या दाबाने भरायची नाही. घट्ट वाळूवर 12 ते 15 पीएसआय पुरे. रिक्षाच्या टायरच्या भिंती जाड असल्याने दाब आणखी उतरवूनही तो फारसा पसरत नाही, उलट टायर रिमवर सरकून ट्यूबचा वॉल्व्ह मुळापासून फाटतो. वॉल्व्ह तिरका दिसू लागला की हवा सोडून टायर नीट बसवा.

सांगाड्याला पाइपची एक 6 मीटरची लांबी पुरते. 38 मिमी बाहेरचा व्यास, 2 मिमी जाडी, वजन मीटरला पावणेदोन किलोंच्या आसपास. नळाचा एक इंची बी-क्लास (मध्यम जाडीचा) जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पाइप घरात पडलेला असतो म्हणून वापरायचा मोह होतो. तो मीटरला सुमारे 2.4 किलो भरतो, आणि जस्ताचा थर न काढता वेल्ड केला तर धूर विषारी आणि वेल्डमध्ये बुडबुडे. स्टेनलेस घेणार असाल तर 304 ग्रेडच मागा. 202 खाऱ्या हवेत डागाळतं, आणि लोहचुंबक लावून या दोहोंतला फरक कळत नाही. पक्कं बिल घेतलेलं बरं.

मागचा आडवा पाइप 90 सेमी. दोन्ही टोकांत 20 मिमीचा बार 15 सेमी आत घालायचा. पाइपच्या आत 34 मिमी जागा असते, म्हणून दर बाजूला दोन बुश (मधली पोकळी भरणारी कडी): बाहेरून 34, आतून 20. चाकाचा मध्य पाइपच्या तोंडापासून 10 सेमीवर राहिला पाहिजे, म्हणजे दोन चाकांत 110 सेमी अंतर पडतं. त्याहून अरुंद गाडी पतंगाच्या बाजूच्या ओढीला उलटते. 16 मिमीचा बार पहिल्याच खड्ड्यात वाकतो. 20 मिमीतही साध्या लोखंडाऐवजी ईएन-8 (जास्त ताकदीचं पोलाद) मिळालं तर तेच घ्या. बार पक्का करायचा बोल्ट आतल्या टोकाच्या बुशमधून घाला. पाइपच्या तोंडाशी वेल्ड मारू नका, सगळा ताण तिथेच येतो आणि बार तिथेच तुटतो. बोल्टची जोडणी असली की ॲक्सल काढून गाडी टेम्पोत आडवी टाकता येते, हा वेगळा फायदा.

आता किंगपिन. तो उभ्या रेषेपासून 30 अंश मागे, म्हणजे वरचं टोक बसणाऱ्याकडे झुकलेलं. चाकाचा मध्य किंगपिनच्या रेषेपासून काटकोनात 6 सेमी पुढे ठेवला की टायर जिथे जमिनीला टेकतो ती जागा किंगपिनच्या रेषेच्या साडेचार ते पाच सेमी मागे येते. हे अंतर शून्यावर आलं तर वेग वाढताच पुढचं चाक थरथरू लागतं आणि पायांना आवरत नाही. फार वाढलं तर सुकाणू जड होतं. वेल्डरला कोन तोंडी सांगू नका, पुठ्ठ्याचा त्रिकोण कापून न्या. सायकलचा हेड-पाइप इथे टिकत नाही. पितळी बुश, 20 मिमीचा पिन आणि ग्रीस निप्पल असा साधा जोड चांगला. फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात) आतून 14 सेमी मोकळे ठेवा, नाहीतर वाळू चढलेला टायर घासतो. पाय ठेवायच्या दांड्या टोकापासून टोकापर्यंत 55 सेमी.

बैठक ताडपत्रीची, 50 मिमी नायलॉन पट्ट्यांवर शिवलेली. रिक्षाचं हूड शिवणारा कारागीर हे काम उत्तम करतो. बैठकीचा तळ माणूस बसल्यावर जमिनीपासून 10 सेमी वर राहील इतकं ताणा. पुढच्या आणि मागच्या चाकांत 110 सेमी धरा, मग बसून गुडघे किंचित वाकलेले राहतील अशी बैठक मागेपुढे करा. तपासायची सोपी रीत: पुढच्या चाकाखाली घरातला वजनकाटा ठेवा आणि मागची चाकं तेवढ्याच उंचीच्या फळीवर. माणूस धरून एकूण वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास भार पुढे पडायला हवा. कमी पडला तर चाक वळवूनही गाडी सरळच जाते.

गंज लागतोच, पण आवरता येतो. रेड ऑक्साइड, त्यावर ऑइलपेंट, पाइपची तोंडं बंद आणि सगळ्यात खालच्या जागी 4 मिमीचं एक भोक, आत शिरलेलं पाणी निघायला. दर फेरीनंतर गोड्या पाण्याने धुवा. पण बेअरिंगवर पाण्याचा जोराचा झोत मारू नका, सील उघडतं.

पतंग मात्र घरी करायची गोष्ट नाही. हँडल सोडताच ओढ संपेल असा सेफ्टी-लीश असलेला, तीन-चार चौरस मीटरचा तयार फॉइल (काड्या नसलेला, हवेने फुगणारा कापडी पतंग) घ्या, आणि हेल्मेट. ताणलेली दोरी कातडी कापते, म्हणून गर्दीत, विशेषतः शनिवार-रविवारी, पतंग उघडूच नका. गाडी किनाऱ्यावर न्यायच्या आधी ग्रामपंचायतीला विचारून घ्या.

दापोलीजवळच्या कर्दे-मुरुडचा सपाट, घट्ट पट्टा या गाडीला मानवतो. गणपतीपुळ्यासारखा उताराचा किनारा नाही. खारे वारे दुपारनंतर जोर धरतात, म्हणून ओहोटी अडीच ते पाचच्या मध्ये यायला हवी. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ हा आपल्याकडचा जुना हिशेब इथे कामाला येतो. एकादशीला सव्वाआठची भरती, म्हणजे ओहोटी अडीचच्या सुमाराला. चतुर्दशीला पावणेपाचच्या आसपास. एकादशी ते चतुर्दशी हे चार दिवस धरा. उधाण जवळ आलेलं असल्याने वाळूही जास्त उघडी पडते. अष्टमीला पाणी संध्याकाळी सहाला भरतं, ऐन वाऱ्याच्या वेळी पट्टा आक्रसत जातो. वेळास, आंजर्ले, गुहागर इथे कासवांच्या विणीच्या काळात, नोव्हेंबरपासून पिल्लं समुद्रात जाईपर्यंत, वरच्या कोरड्या वाळूत चाक घालू नका. आणि निघण्याआधी सगळा पट्टा एकदा पायी चालून या. रापणीचे (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे) दोर आणि नांगर वाळूत अर्धे पुरलेले असतात, ते इतक्या खाली बसून दिसत नाहीत.