तीन फ्लोअरस्टँडिंग स्पीकर आणि फोंड्यातील एक दिवाणखाना

गोव्यात फ्लोअरस्टँडिंग, म्हणजे थेट जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर घेऊ इच्छिणाऱ्याने आधी आपल्या घराच्या छताकडे पाहावे आणि मगच दुकानाची पायरी चढावी, असे माझे मत तीन जोड्या ऐकल्यानंतर झाले आहे. या जोड्या म्हणजे डाली कंपनीची ओबेरॉन ५, क्यू अकूस्टिक्सची ३०५०आय आणि केफची क्यू५५०. तिन्ही आधी मडगावातील एका दुकानात ऐकल्या. पहिल्या दोन जोड्या दुकानदाराने काही दिवस घरी नेऊ दिल्या आणि त्यांतील ३०५०आय सावईवेरे येथील माझ्या मावसभावाच्या कौलारू घरातही लावून पाहता आली. अ‍ॅम्प्लिफायर सगळीकडे माझाच, चॅनेलमागे साठ वॉटचा होता. किमतींतील फरक निर्णायक ठरावा एवढा नव्हता, त्यामुळे येथे फक्त आवाजाचा आणि घराचा विचार केला आहे.

माझे ऐकणे मुख्यतः शास्त्रीय गायन, नाट्यसंगीत आणि भजन असे आहे. असे ऐकणाऱ्याला फ्लोअरस्टँडरची गरज आहे का, हा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही, कारण उत्तर विक्रीला सोयीचे नाही. काळी एक पट्टीतील पुरुषी तानपुऱ्याचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर (सेकंदाला १३९ कंपनांवर) असतो आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झवर. एवढे तर चांगला बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावणारा छोटा स्पीकरही वाजवतो. केसरबाई केरकरांच्या ज्या भैरवीला १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांवरील तबकडीत स्थान मिळाले, तिच्यासारख्या जुन्या ध्वनिमुद्रणांत तर तळाचा, म्हणजे अगदी खालच्या पट्टीतला भाग जवळजवळ नसतोच. मोठ्या पेटीचा खरा लाभ दोन ठिकाणी दिसतो: एक म्हणजे ५० हर्ट्झच्या खालचा आवाज, जो चित्रपटांत आणि आधुनिक संगीतात भरपूर असतो; आणि दुसरा, आवाज वाढवल्यावरही गायनाला न येणारा ताण. मला दुसरा हवा होता. पहिला मात्र न मागता पदरात पडतो, आणि खोली बेताची असेल तर तोच डोकेदुखी होतो.

फोंड्यातील माझा दिवाणखाना सुमारे ५.२ मीटर लांब आणि ३.७ मीटर रुंद आहे; वर स्लॅब, खाली गुळगुळीत लादी, आणि पडदे सोडले तर मऊ म्हणावे असे काही नाही. अशा बंदिस्त खोलीत लांबीच्या हिशेबाने ३३ हर्ट्झच्या आसपास आणि रुंदीच्या हिशेबाने ४६ हर्ट्झच्या आसपास लाटा भिंतींमध्ये अडकून फुगतात. याला स्पीकर जबाबदार नसतो, पण त्या पट्ट्यात जो स्पीकर जितका जोरकस, तितकी खोली अधिक घुमते. ३०५०आयमध्ये साडेसहा इंचांचे दोन ड्रायव्हर (आवाज काढणारे पडदे) आहेत आणि हवेचा पोर्ट, म्हणजे पेटीला ठेवलेले भोक, मागच्या बाजूला आहे. दुकानात भारदस्त वाटलेली हीच जोडी माझ्याकडे भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवताच डग्ग्याचा प्रत्येक ठोका खोलीभर पसरू लागला. सर्वांत मोठी कसोटी घुमट आरतीच्या, म्हणजे घुमट या मातीच्या चर्मवाद्याच्या साथीने गायलेल्या आरतीच्या मुद्रणाची ठरली. मातीच्या घुमटाच्या मागच्या तोंडावर वादक तळहाताची जी उघडझाप करतो, तिने नाद क्षणात दाबला जातो आणि क्षणात मोकळा होतो. चवथीला ज्याने घुमट जवळून ऐकले आहे त्याच्या कानाला ही उघडझाप ठाऊक असते. येथे साथीचे शामेळ (चर्मवाद्य) आणि कासाळे (झांज) स्वच्छ ऐकू येत होते, घुमट मात्र एकच सलग गुंजन होऊन बसले. सोबत मिळणारे फोमचे बूच पोर्टमध्ये घातल्यावर बराच फरक पडला, हे नमूद केले पाहिजे; उघडझाप पुन्हा कळू लागली.

स्पीकर भिंतीपासून पुढे ओढा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो बरोबर आहे, पण फुकट नाही. पेटीची पुढची बाजू मागच्या भिंतीपासून ८५ सेंटिमीटरवर आली की भिंतीवरून परतलेली लाट सुमारे १०० हर्ट्झवर मूळ लाटेच्या उलट पडते आणि नेमका तबल्याच्या डाव्या बाजूचा भरीवपणा कमी होतो. शिवाय एवढा पुढे आलेला स्पीकर जाण्यायेण्याच्या वाटेत येतो आणि त्यावर घरातील मंडळींचे मत काय असते, ते सांगायला नको.

सावईवेऱ्याच्या घरात हीच ३०५०आय ओळखू येणार नाही इतकी बदलली. चिऱ्याच्या जाड भिंती तेथेही आहेत, पण डोक्यावर स्लॅब नाही. उतरत्या कौलांच्या फटींतून खालच्या पट्टीतील आवाजाला बाहेर जायला वाट मिळते आणि तो खोलीत साचत नाही. बूच काढून टाकले, आवाज वाढवला, तरी ऑर्गनची साथ आणि गायकाचा आवाज वेगवेगळे राहिले. तशा घरात राहत असतो, तर निर्णय तेथेच झाला असता.

ओबेरॉन ५ दिसायला किरकोळ आहे. उंची ८३ सेंटिमीटर, आणि सव्वापाच इंचांचे दोन ड्रायव्हर. कागदावर मात्र ती ३९ हर्ट्झपर्यंत उतरते आणि तिच्याहून मोठी ३०५०आय ४४ पर्यंतच, असे आकडे आहेत. या आकड्यांवरून कोणी तुलना करू नये. आवाज किती घटेपर्यंतचा भाग मोजणीत धरायचा, ते प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने ठरवते. कानाला ३०५०आयचाच तळ अधिक मोठा लागतो. ओबेरॉनचे वैशिष्ट्य दुसरीकडे आहे. डालीचा आग्रह असा, की स्पीकर श्रोत्याकडे न वळवता सरळ समोर ठेवावेत, कारण ट्वीटर, म्हणजे वरच्या पट्टीचा छोटा ड्रायव्हर, आवाज रुंद पसरवील अशा बेताने बनवलेला आहे. हे मी दोन्ही प्रकारे करून पाहिले. आत वळवल्यावर तानपुऱ्याच्या जवारीला (तारांच्या झणकाराला) नकोशी धार येते. सरळ ठेवल्यावर ती जाते आणि मध्यभागी गायक नीट उभा राहतो. उंची कमी असल्याने सोफ्यावर ताठ बसणाऱ्याला ट्वीटर कानाच्या खाली राहतो, पण माझी आरामखुर्ची खोलगट असल्यामुळे ही उणीव मला बाधली नाही. भिंतीपासून हातभर अंतरावर, स्लॅबखालच्या लादीच्या खोलीत, घुमट घुमटासारखे वाजले ते याच जोडीवर.

केफ क्यू५५० ही तिघींत तांत्रिकदृष्ट्या सर्वांत रंजक. तिच्या यूनी-क्यू रचनेत ट्वीटर मध्यम ड्रायव्हरच्या केंद्रातच बसवलेला असतो. ही कल्पना केफने १९८८ पासून जोपासली आहे. त्यामुळे उभे राहिले, बसले, एका बाजूला सरकले, तरी गायनाचा पोत फारसा बदलत नाही. चारपाच माणसे मिळून ऐकत असतील त्या घराने हिचाच विचार करावा. तिला पोर्ट नाही, त्याऐवजी पुढे दोन निष्क्रिय पडदे (वीज न जोडलेले, पेटीतील हवेनेच हलणारे) आहेत, म्हणून ती भिंतीला चिकटवून चालते असे विक्रेते सांगतात. ते अर्धसत्य आहे. पोर्ट पुढे असो वा मागे, खालच्या पट्टीतील आवाज पेटीच्या चहूबाजूंना पसरतो आणि मागची भिंत तो वाढवतेच. मी ती दुकानातच ऐकली असल्याने माझ्या खोलीपुरता निकाल देत नाही. २०२४ मध्ये क्यू मालिकेची नवी आवृत्ती आली आहे, तेव्हा जुन्या जोडीवर सवलत मागायला हरकत नाही.

अ‍ॅम्प्लिफायरची चिंता लोक उगाच वाहतात. ३०५०आयची संवेदनशीलता (तेवढ्याच शक्तीत निघणारा आवाज) ९१ डेसिबल आणि ओबेरॉनची ८८, म्हणजे सारख्याच आवाजासाठी ओबेरॉनला दुप्पट शक्ती लागते. पण घरच्या ऐकण्यात मुळात दोनचार वॉटच खर्च होतात, त्यांचे दुप्पट झाले तरी साठ वॉटच्या यंत्राला त्याचे काय?

आपल्या हवेचा विचार मात्र गंभीरपणे करावा. पेट्या एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळ्यांच्या असतात आणि लादी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते; पाणी खालच्या कडेत मुरले की ती फुगते आणि मग उपाय नसतो. ओबेरॉनची पेटी धातूच्या बैठकीवर जमिनीपासून उचललेली असल्याने येथे ती सरस ठरते. तारांची उघडी तांब्याची टोके खाऱ्या दमट हवेत हिरवी पडतात, म्हणून त्यांना बनाना प्लग (धातूच्या खुंट्या) लावून घेणे बरे. पावसाळ्यात पेटीच्या मागच्या बाजूला बुरशी धरते, तेव्हा तेथेही अधूनमधून कोरडे फडके फिरवावे लागते.

मी ओबेरॉन ५ घेतली. चित्रपट पाहताना तळ कमी पडतो, हे खरे आहे. त्यासाठी पुढे एक छोटा सबवूफर, म्हणजे फक्त तळाचा आवाज देणारा वेगळा स्पीकर, जोडण्याचा विचार आहे, आणि तो दुकानदाराने सांगितलेल्या कोपऱ्यात न ठेवता खोलीत फिरवून, जेथे सर्वांत कमी घुमेल तेथे ठेवणार आहे.