एक्सेलचा सॉल्व्हर: पाळ्या, भरती आणि ट्रेनिंगचं गणित त्याच्यावर कितपत सोपवावं?

रोस्टरचं महागडं सॉफ्टवेअर घेण्याआधी लहान-मध्यम युनिटच्या एचआरने डेस्कटॉप एक्सेलमधला सॉल्व्हर वापरून पाहावा. तुम्ही घातलेल्या अटी पाळून सर्वांत कमी किंवा जास्त आकडा शोधणारं हे साधन. वेगळे पैसे पडत नाहीत. फाइल, ऑप्शन्स, अॅड-इन्स, खाली ‘गो’, सॉल्व्हरला टिक. मग तो डेटा टॅबच्या उजव्या टोकाला दिसतो. फक्त आहे त्या सेटिंगवर चालवू नका. पद्धत मुळात ‘जीआरजी नॉनलिनिअर’ असते. माणसांची गणितं बहुतेक रेषीय (नुसती बेरीज-वजाबाकी आणि ठरलेल्या आकड्याने गुणाकार) असतात, तिथे ‘सिम्प्लेक्स एलपी’ निवडा.

सॉल्व्हरचं मोल कळतं ते साप्ताहिक सुट्ट्यांच्या गणितात. समजा, सोमवार ते रविवार १८, १५, १५, १६, १९, १५, १२ माणसं लागतात आणि प्रत्येकाला सलग दोन दिवस सुट्टी द्यायची आहे. बेरीज ११०. प्रत्येकाचे पाच दिवस, म्हणून सुपरवायझर २२ माणसं मागतो. सात ओळींत सुट्टीच्या सात जोड्या मांडा, कामाच्या दिवशी १ आणि सुट्टीला ०. शेजारच्या स्तंभात प्रत्येक जोडीला किती माणसं हे सॉल्व्हरने ठरवायचं, खाली प्रत्येक दिवसाचा समप्रॉडक्ट (दोन स्तंभांचे जोडीने गुणाकार करून बेरीज), आणि तो गरजेइतका किंवा जास्त असावा ही अट. एकूण माणसं कमीत कमी हे उद्दिष्ट. माणसांच्या स्तंभाला ‘इंट’, म्हणजे पूर्णांकाची अट. उत्तर येतं २३.

सुपरवायझर वाद घालेल, तेव्हा हे दाखवा. सोम, बुध, शुक्र, शनि या चार दिवसांची गरज ६७. सुट्टीची कुठलीही सलग जोडी घेतली तरी या चारांपैकी एक दिवस तिच्यात येतोच. म्हणजे एक माणूस यांतले जास्तीत जास्त तीन दिवस भरणार. ६७ भागिले ३, २२.३३. बावीसमध्ये बसणारच नाही.

आता ‘इंट’ काढून पुन्हा चालवा आणि सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट मागवा (इंट असताना तो मिळत नाही). त्याच चार दिवसांसमोर शॅडो प्राइस (त्या दिवसाची गरज एकाने घटली तर एकूण माणसं किती घटतील) ०.३३ दिसते, बाकीच्यांसमोर शून्य. शनिवारची एक जागा ओव्हरटाइमवर भागवली, तर २२ माणसं पुरतात. आठवड्यातली एक पाळी दुप्पट दराने की एक पूर्ण पगार, हा निर्णय मग दोन मिनिटांचा.

गैरहजेरी मात्र गरजेतच आधी घाला. ८ टक्के गैरहजेरी असेल तर १८ ला ०.९२ ने भागून २० धरा. गणपतीच्या आठवड्यातही ८ टक्केच धरणाऱ्याच्या खात्यात कोकणातलं कोणी नसावं.

भरती आणि ट्रेनिंगचं मॉडेल जास्त फसतं. मांडणी सोपी आहे. महिन्याला ४ टक्के ऑपरेटर सोडून जातात असं धरा: पुढच्या महिन्याचे ऑपरेटर म्हणजे आत्ताचे गुणिले ०.९६, अधिक या महिन्यातले ट्रेनी गुणिले पास होण्याचं प्रमाण. १२० ऑपरेटरचे पुढच्या महिन्यात ११५.२ उरतात. हा आकडा अपूर्णांकच राहू द्या. ‘इंट’ फक्त भरतीच्या आणि ट्रेनरच्या खान्यांना लावा. ऑपरेटरची शिलकही सॉल्व्हरने ठरवायच्या खान्यांत धरून तिला लावलंत तर व्यवहार्य उत्तर सापडलं नाही, असं सांगून सॉल्व्हर थांबतो. शिलकीवर राउंड लावून पळवाट काढू नका, रेषीयतेची अट मोडल्याचा संदेश येतो. एका ट्रेनरमागे ८ ट्रेनी असतील तर राउंडअपऐवजी ट्रेनरचं वेगळं खानं करा आणि ‘ट्रेनी ८ गुणिले ट्रेनरपेक्षा जास्त नकोत’ अशी अट घाला. उत्पादनातून काढलेले ट्रेनर त्या महिन्याच्या ऑपरेटरमधून वजा करायला लोक हमखास विसरतात.

बारा महिन्यांचं मॉडेल शेवटच्या महिन्यात ट्रेनी घेतच नाही, कारण त्याच्या लेखी तेरावा महिना नाही. पंधरा महिने चालवा आणि पहिले बाराच वापरा. शिवाय ४ टक्के ही सरासरी आहे. १२० जणांत महिन्याला ४.८ जातात, पण प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा नेहमीचा चढउतार) २.१५, एखाद्या महिन्यात ७ गेले तर नवल नाही. सॉल्व्हर हे आपणहून धरत नाही, राखीव माणसं तुम्हीच अटीत घालायची.

आणखी एक लपलेली खोड: ऑप्शन्समधली ‘इंटिजर ऑप्टिमॅलिटी’ (पूर्णांकी उत्तरात किती टक्के फरक चालवून घ्यायचा) १ टक्क्यावर असते. ५०० माणसांच्या हिशेबात तो पाच माणसं जास्त दाखवूनही उत्तम उत्तर मिळाल्याचं सांगू शकतो. ती शून्य करा, वेळ थोडा जास्त लागेल.

मर्यादा २०० चलांची, म्हणजे सॉल्व्हरने ठरवायच्या खान्यांची. सात जोड्या, तीन पाळ्या, नऊ विभाग म्हणजे १८९. दहावा विभाग आला की २१० आणि सॉल्व्हर नकार देतो. तिथून पुढे ऑकलंड विद्यापीठात तयार झालेला मोफत ओपनसॉल्व्हर घ्या. सॉल्व्हरची हीच शीट तो वाचतो, चलांवर अशी मर्यादा नाही, आणि पाळ्यांच्या पूर्णांकी गणितात त्याचं सीबीसी हे गणित सोडवणारं इंजिन जास्त दमदार आहे.