पोर्शे ९११ची मागची काच फुटली: शोरूम, युरोपियन गाड्यांचं गॅरेज की काचवाला?

पुढच्या काचेवर खडी उडाली तर टवका भरून घेता येतो, कारण ती दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर दाबून केलेली असते. ९११ कूपेची (पक्क्या छपराच्या मॉडेलची) मागची काच सहसा टफन्ड असते. ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन गार केलेल्या या काचेच्या पृष्ठभागावर दाब असतो आणि पोटात ताण. कडेला नेमक्या जागी एक टोला बसला की हा तोल सुटतो आणि अख्खी काच वाटाण्याएवढ्या तुकड्यांत खाली येते. तिथे दुरुस्तीचा विचारच करायचा नसतो, काच बदलावीच लागते. ती कुणाकडून बदलायची, एवढंच ठरवायचं राहतं.

मुंबई-पुण्यात साधारण चार दारं आहेत. पोर्शेचं अधिकृत सर्व्हिस सेंटर, जर्मन-इटालियन गाड्यांवरच काम करणारं स्वतंत्र गॅरेज, विमा कंपन्यांशी करार असलेली काचांची साखळी दुकानं, आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्यात नाना पेठेत चौकशी केली की मिळणारा, घरी येऊन काच बसवून देणारा काचवाला. माझं मत आधीच सांगतो. वॉरंटी संपलेली, ९११च्या ९९७ किंवा ९९१ या पिढीतली कूपे असेल, तर मी जर्मन गाड्यांच्या स्वतंत्र गॅरेजला पहिली पसंती देईन, मात्र काच कंपनीच्या पार्ट नंबरचीच हवी या अटीवर. वॉरंटी चालू असेल तर अधिकृत केंद्र. साखळी दुकान काही अटींवर चालेल. घरी येणारा काचवाला या गाडीसाठी नको, तो कितीही हुशार असला तरी.

काचेच्या खाली इंजिन आहे

साध्या सेडानची मागची काच फुटली तर तुकडे मागच्या सीटवर आणि डिकीच्या झाकणावर पडतात. व्हॅक्यूम मारला, सीटच्या फटी झाडल्या की काम झालं. ९११मध्ये मागच्या काचेच्या लगेच खाली इंजिनाचं झाकण आहे आणि त्याला हवा घेण्यासाठी जाळी आहे. काचेचे तुकडे त्या जाळीतून सरळ आत जातात. ९९७चं झाकण उघडलं की फिरणारा बेल्ट समोरच दिसतो. ९९१मध्ये आधी दोन पंखे दिसतात आणि इंजिन त्यांच्याखाली दडलेलं असतं. बेल्ट आणि पुलीच्या मधे काचेचा एक कण अडकला तर बेल्ट चिरतो. पंख्याच्या पात्यात अडकला तर आवाज येतो, आणि तो शोधायला पुन्हा सगळं उघडावं लागतं. हवेच्या फिल्टरच्या डब्यापर्यंतही बारीक चुरा पोचू शकतो.

म्हणून माझ्या लेखी तुलना इथेच अर्धी संपते. अधिकृत केंद्र आणि जर्मन गाड्यांचं गॅरेज इंजिनाचं झाकण उघडून, जाळी काढून, बेल्ट हाताने फिरवून बघू शकतं. काचेचं साखळी दुकान काच उत्तम बसवेल, पण इंजिन उघडणं हे त्यांचं काम नाही आणि त्यांच्याकडून तशी अपेक्षा करणंही बरोबर नाही. तिथे जायचं ठरवलंत तर काच बसवण्याआधी गाडी एखाद्या मेकॅनिककडून साफ करून घ्यावी लागेल, म्हणजे गाडी दोनदा हलवायची. घरी येणाऱ्या काचवाल्याकडे या साफसफाईसाठी ना लिफ्ट असते ना वेळ.

त्यावरूनच पुढची सूचना. काच फुटली की गाडी सुरू करू नका. मागची काच नसलेली गाडी चालवली की तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि एक्झॉस्टचा धूर केबिनमध्ये ओढला जातो. ९११चे एक्झॉस्ट पाइप तर त्या उघड्या भोकाच्या खालीच आहेत. फ्लॅटबेड बोलवा, चारही चाकं वर घेणारी. गाडी थांबून राहणार असेल तर जाड प्लास्टिक लावा, पण चिकटपट्टी रंगावर उन्हात दिवसभर ठेवू नका, काढताना वरचा थर दुखावतो. चामड्यावरचे तुकडे फडक्याने पुसू नका. मऊ तोंडाच्या व्हॅक्यूमने उचला, नाहीतर प्रत्येक कण चामड्यावर ओरखडा काढत जातो.

काच कोणती आणि कुणाकडे मिळते

अधिकृत केंद्राचा खरा फायदा पार्टच्या नेमकेपणात आहे. गाडीच्या चासी नंबरवरून त्यांना कळतं की तुमच्या गाडीला मागचा वायपर होता की नव्हता. ९११ला मागचा वायपर हा ऐच्छिक भाग आहे, त्यामुळे एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्यांना दोन वेगळ्या काचा लागतात. काचेची छटा, डिफॉगरच्या (काच गरम करून धुकं घालवणाऱ्या) तारांची जोडणी, कडेचं बीडिंग हे सगळं त्याच नंबरात येतं. तोटा वेळेचा. ही काच सहसा गोदामात ठेवलेली नसते. बाहेरून मागवावी लागते, आणि मोठी, वळणदार काच लाकडी खोक्यात येते. काही आठवडे हातात धरूनच चाला.

स्वतंत्र गॅरेज तीच काच तुमच्यासाठी मागवू शकतं. वेळ तेवढाच लागेल, मजुरी सहसा कमी असते. गॅरेजवाला ‘बाजारातली तशीच काच आहे’ म्हणाला तर काचेचा कोपरा दाखवायला सांगा. तिथे बनवणाऱ्याचं नाव आणि गोलात ई हे अक्षर व आकडा छापलेला असतो. ई१ म्हणजे जर्मनीत दिलेली मान्यता, ई२ फ्रान्स, ई३ इटली. भारतीय मानकाची खूण असेल तर आयएस २५५३ हा क्रमांक दिसतो. कोपरा कोरा असेल तर ती काच गाडीला लावू देऊ नका. अशा बाजारातल्या काचेचा दोष मजबुतीत असतोच असं नाही. तो बहुधा वळणात दिसतो. दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडला तरी कडेला फट राहते आणि वेग वाढला की शिटी वाजते. एवढ्या किमतीच्या गाडीत ती शिटी रोज ऐकणं मला तरी सहन होणार नाही.

भंगारातल्या गाडीची जुनी काच स्वस्तात मिळू शकते. टफन्ड काच काढताना तिच्या कडेला सूक्ष्म टवका गेला असेल तर तो डोळ्यांना दिसत नाही आणि नंतर कधीतरी, दुपारच्या उन्हात, काच स्वतःहून फुटते. जुन्या काचेचा विचार सोडून द्या.

एक कायद्याची बाब. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जायला हवा असा केंद्रीय मोटार वाहन नियम आहे, बाजूच्या काचांसाठी ही मर्यादा ५० टक्के आहे. काच बदलतोच आहोत तर गडद घेऊ, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

चिकटवणारा हात

९९७ किंवा ९९१ची मागची काच रबराच्या खाचेत बसवलेली नसते, पॉलियुरेथेनच्या सीलंटने बॉडीला चिकटवलेली असते. हे काम वरून सोपं दिसतं आणि इथेच सर्वात जास्त बिघडतं. जुना सीलंट मुळापासून खरवडून काढायचा नसतो. त्याचा एक-दोन मिलिमीटरचा थर ठेवून वरचा भाग कापायचा असतो, कारण नवा सीलंट जुन्या, घट्ट बसलेल्या थराला उत्तम धरतो. सुरी खोल गेली आणि रंग खरवडला तर तिथे प्रायमर लागलाच पाहिजे. ९११च्या बॉडीला १९७६च्या मॉडेलपासून जस्ताचा मुलामा आहे, म्हणून या गाड्या गंजत नाहीत असं लोक धरून चालतात. पण सुरीने तो मुलामाच कापला जातो, आणि काचेखालचा गंज बाहेरून दिसायला लागेपर्यंत बराच पसरलेला असतो. ९९१पासून बॉडीत ॲल्युमिनियमचा वाटा मोठा आहे, तिथे हाताळणी आणखी वेगळी.

काचेच्या कडेचा काळा पट्टा शोभेचा नाही. तो खालच्या सीलंटला उन्हापासून वाचवतो. त्या पट्ट्यावर काचेचा प्रायमर, मग त्रिकोणी आकाराची सलग सीलंटची रेघ, आणि सीलंटवर साय धरायच्या आत काच जागेवर. रेघ मधे तुटली तर तिथून पाणी येणार. सिलिकॉनने काच चिकटवायला निघालेल्या माणसाला तिथेच थांबवा. सिलिकॉनची पकड या कामाची नाही, त्याच्या काही प्रकारांतून सुटणारं ॲसिटिक ॲसिड धातूलाही खातं, आणि नंतर योग्य सीलंट लावायचा म्हटलं तरी सिलिकॉनचा मागे राहिलेला थर त्याला धरू देत नाही.

आपल्याकडच्या हवेचाही इथे हिशोब आहे. हा सीलंट हवेतल्या ओलाव्यावर वाळतो, बाहेरून आत, दिवसाला काही मिलिमीटर या गतीने. जुलैत ठाण्या-मुंबईत तो लवकर वाळतो, पण काच किंवा बॉडीवर पाण्याचा अंश असेल तर पकडच येत नाही. म्हणून पावसाळ्यात उघड्यावर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम करून घेऊ नये. पुण्यात एप्रिलच्या कोरड्या हवेत उलट, वाळायला जास्त वेळ द्यावा लागतो. गाडी किती तासांनी न्यायची, हे सीलंटच्या डब्यावर लिहिलेलं असतं. कारागिराला तो डबा दाखवायला सांगण्यात संकोच कशाला?

या कसोटीवर साखळी दुकानांना मी पूर्ण गुण देतो. त्यांचे कारागीर रोज हेच करतात आणि सीलंट-प्रायमर एकाच कंपनीचे, मुदतीतले वापरतात. कित्येकदा शोरूम आणि गॅरेजही काच बसवायला बाहेरचा माणूसच बोलावतात. म्हणून सगळीकडे एकच प्रश्न विचारा: काच प्रत्यक्ष कोण बसवणार, तुमचा माणूस की बाहेरचा? बाहेरचा असेल तर त्यात वाईट काही नाही, पण पाणी गळलं तर जबाबदारी कुणाची, हे बिलावर लिहून घ्या.

विमा: क्लेम करायचा की खिशातून

बरेच जण आधी विमा कंपनीला फोन करतात आणि ती सांगेल तिथे जातात. मी आधी कागद घेऊन बसेन. आपल्याकडे काचेच्या भागांना घसारा (भाग जुना झाला म्हणून होणारी कपात) लागत नाही, झिरो-डेप, म्हणजे घसारा माफ करणारं वाढीव कव्हर, नसलं तरी. रबर आणि प्लास्टिकच्या भागांना मात्र ५० टक्के घसारा लागतो, म्हणजे बीडिंग-क्लिपांचे निम्मे पैसे तुमचे. शिवाय १५०० सीसीवरच्या गाडीला २,००० रुपयांची सक्तीची वजावट.

खरा खर्च एनसीबीचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा. समजा सवलत धरण्याआधी तुमच्या गाडीचा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता २ लाख आहे आणि तुम्हाला कमाल ५० टक्के सवलत मिळते, म्हणजे तुम्ही १ लाख भरता. क्लेम केलात की पुढच्या वर्षी सवलत शून्य, हप्ता २ लाख. नंतर क्लेम नसेल तर सवलत क्रमाने २०, २५, ३५, ४५ आणि पुन्हा ५० टक्के होते. त्या वर्षांत जास्तीचे पैसे १ लाख, ६० हजार, ५० हजार, ३० हजार आणि १० हजार, एकूण अडीच लाख. गाडीची घोषित किंमत दर वर्षी उतरते, म्हणून प्रत्यक्षात आकडा थोडा कमी येईल. काचेचं बिल याच्या खाली असेल तर क्लेम करण्यात नुकसान आहे. एनसीबी सुरक्षित ठेवणारं वाढीव कव्हर घेतलेलं असेल तर गणित उलटतं, तेव्हा पॉलिसीची पानं उलटून बघा.

क्लेम करायचाच असेल तर अधिकृत केंद्र सोयीचं. तिथे कॅशलेस होण्याची शक्यता जास्त, सर्व्हेयर तिथेच येतो, आणि इंजिनातले तुकडे काढण्याची मजुरी त्याच अंदाजपत्रकात घालता येते. ती आधी घाला. मंजुरीनंतर जोडलेली रक्कम मिळवणं त्रासाचं असतं. खिशातून द्यायचं ठरलं तर कुठे जायचं हे पूर्ण तुमच्या हातात येतं, आणि तिथे स्वतंत्र गॅरेजचं पारडं जड होतं.

काही मॉडेलांना निवडच नाही

२०१४ साली आलेल्या ९९१ टार्गाची (छपराचा पुढचा भाग उघडणाऱ्या ९११ची) घुमटासारखी मागची काच टफन्ड नाही, हलकी लॅमिनेटेड काच आहे, आणि छप्पर उघडताना ती सगळीच्या सगळी उचलून मागे सरकते. तिची मांडणी चुकली तर छप्पर नीट मिटणार नाही. टार्गा सरळ अधिकृत केंद्रात न्या. ९९७ जीटी३ आरएस या ट्रॅकसाठी हलक्या केलेल्या मॉडेलची मागची खिडकी वजन वाचवण्यासाठी प्लास्टिकची आहे. तिथे काचवाल्याची नेहमीची सॉल्व्हंट लागली तर ती धुरकटते.

पोर्शेच्याच, कापडी छपराच्या बॉक्स्टरच्या पहिल्या पिढीची गोष्ट निराळी. २००२पर्यंतच्या गाड्यांत कापडी छपरात शिवलेली लवचीक प्लास्टिकची खिडकी होती, २००३च्या मॉडेलपासून काच आली. ती जुनी खिडकी घडीवर पिवळी पडते आणि चिरते. शोरूमकडे बहुधा पूर्ण छपराचा पर्याय मिळेल. कापड चांगलं असेल तर छपरांचं काम करणारा उत्तम सीट-कव्हरवाला फक्त खिडकी बदलून शिवून देऊ शकतो. इथे मी बेधडक त्याच्याकडे जाईन, मात्र आधी त्याने केलेलं एखादं छप्पर डोळ्यांनी बघून.

गाडी ताब्यात घेताना

दुपारच्या उजेडात जा. डिफॉगर चालू करा आणि काही मिनिटांनी काचेवर तळहात फिरवा, प्रत्येक तार कोमट लागायला हवी. कडेची फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का बघा. साध्या नळीने, जोर न लावता, काचेवर पाणी सोडायला सांगा आणि स्वतः आत बसून मागच्या शेल्फचे कोपरे चाचपा. इंजिनाचं झाकण उघडून जाळीखाली टॉर्च मारा. एकही चमकता कण दिसला तर गाडी तिथेच सोडा. घरी नेल्यावर पहिला दिवस दारं हळू लावा आणि बाजूची काच बोटभर खाली ठेवा, कारण बंद केबिनमध्ये दार आपटलं की हवेचा धक्का ताज्या सीलंटवर बसतो. प्रेशर वॉशिंगला आठवडाभर तरी नेऊ नका.