प्रोझवर अकरा महिने: उत्तरं द्यायला लागल्यावर काय बदललं

मी इंग्रजीतून मराठीत वैद्यकीय मजकुराचं भाषांतर करते. त्यातही जास्त काम औषधांच्या चाचण्यांच्या संमतिपत्रांचं. चाचणीत काय होणार, धोके कोणते, मध्येच बाहेर पडता येतं का, हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगणारा हा दस्तऐवज असतो. काम घरी बसून, एकटीचं. शब्द अडला तर विचारायला शेजारी कोणी नाही, म्हणून प्रोझ डॉट कॉमवर खातं उघडलं. भाषांतरकारांचं हे जाळं १९९९ पासून चालू आहे आणि जगभरच्या भाषांतर एजन्सी तिथे माणसं शोधतात.

पहिले चार महिने मी फक्त वाट पाहिली. माहिती भरली, फोटो लावला, नमुना भाषांतरं चढवली. एकही विचारणा आली नाही. नोकरीसाठी अर्ज टाकून बसावं तसं मी वागत होते आणि माझी समजूतच चुकीची होती.

या साइटचा जीव तिच्या ‘कुडोझ’ विभागात आहे. कोणी अडलेला शब्द विचारतं, बाकीचे उत्तर सुचवतात. आपल्याला उत्तराची किती खात्री आहे ते १ ते ५ मध्ये सांगायचं असतं. इतर भाषांतरकार सहमती किंवा असहमती कारणासकट नोंदवतात. शेवटी विचारणारा एक उत्तर निवडतो आणि ४ पर्यंत गुण देतो. हे गुण साठत जातात, तसं त्या भाषाजोडीच्या यादीत आपलं नाव वर सरकतं. निवडलेला शब्द शब्दसंग्रहात जातो आणि सगळी चर्चा पुढच्या माणसाला शोधता येते. व्हॉट्सॲप ग्रुपवरचं चांगलं उत्तर दोन दिवसांत वर निघून जातं, इथलं राहतं. माझ्या मते सगळा फरक इथे पडतो.

माझा पहिला प्रश्न मात्र फसला. ‘वॉशआउट पिरियड’ला मराठीत काय म्हणावं, एवढंच विचारलं. वाक्य दिलं नाही, विषय सांगितला नाही. एकानं पावसानं सामना वाहून गेल्याचा अर्थ धरून उत्तर दिलं. त्याची काहीच चूक नव्हती. दुसऱ्या वेळी नीट लिहिलं: संमतिपत्र आहे, वाचणारा रुग्ण आहे, आधीचं औषध थांबवून नवं सुरू करण्यापूर्वीच्या दिवसांबद्दल बोलणं चाललंय. संध्याकाळपर्यंत ‘आधीचं औषध शरीरातून निघून जाण्याचा काळ’ असं उत्तर मिळालं. लांब आहे, पण कुणालाही कळेल असं. एक काळजी मात्र घ्या: ग्राहकाचं मूळ वाक्य कधीही चिकटवू नका. गोपनीयतेचा करार असतो. त्याच अर्थाचं आपलं वाक्य तयार करून विचारा.

खरं शिक्षण झालं ते उत्तरं द्यायला लागल्यावर. चाचणीत कोण कोणत्या गटात जाणार हे योगायोगावर सोडतात, त्या ‘रँडमाइज्ड’ला काय म्हणावं, असा कुणाचा तरी प्रश्न होता. मी ‘यादृच्छिक’ लिहिलं आणि खात्री ५ दिली. शब्द शास्त्राच्या परिभाषेतला, मला शंकाच नव्हती. एका ज्येष्ठ भाषांतरकार बाईंनी असहमती नोंदवली. त्यांनी विचारलं, हे पान रुग्णालयातल्या बाकावर बसलेल्या माणसाच्या हातात जाणार आहे, त्याला ‘यादृच्छिक’ कळेल का? त्यांनी सुचवलं, ‘चिठ्ठी टाकून ठरवावं तसं, कोणत्या गटात जाल ते आधी सांगता येणार नाही.’

मला लागलं. दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग मी अडचण मांडली: आपलं मराठी दुसरा भाषांतरकार परत इंग्रजीत नेतो, ते मूळ मजकुराशी ताडून पाहिलं जातं आणि तिथे ‘चिठ्ठी’ दिसली की तपासणारा हमखास बोट ठेवतो. त्यावर बाईंनी जे सांगितलं ते मी आजही करते. भाषांतरासोबत एक टीप जोडायची, कोणता शब्द रुग्णासाठी मुद्दाम सोपा केला आणि का, ते लिहून. ही टीप जोडायला लागल्यापासून माझ्याकडे परत येणाऱ्या दुरुस्त्या खूप कमी झाल्या. गुण त्या प्रश्नाचे त्यांना मिळाले आणि ते योग्यच होतं.

मग मी नियम केला: आठवड्यात दोन उत्तरं, पण प्रत्येकाला कारण. नुसता शब्द टाकायचा नाही. तो कुठे चालेल, कुठे नाही, भाषा संचालनालयाचा परिभाषा कोश काय सांगतो आणि बोलताना लोक काय म्हणतात, हे चार ओळींत लिहायचं. सातव्या महिन्यात एका एजन्सीच्या प्रकल्प व्यवस्थापकाचा निरोप आला. माझं उत्तर वाचलं होतं, गुण किती ते त्यांनी विचारलंही नाही. त्या कामातून पुढे तीन संमतिपत्रं आली. गोव्यातल्या एका कोकणी भाषांतरकार मैत्रिणीची ओळखही इथलीच. गोव्यासाठीच्या चाचण्यांमध्ये मराठी आणि कोकणी दोन्ही मजकूर लागतात, तेव्हा आम्ही आता एकमेकींना विचारूनच शब्द ठरवतो.

याच साइटवरचा ‘ब्लू बोर्ड’ही वापरा. तिथे भाषांतरकार एजन्सींबद्दल आपला अनुभव नोंदवतात. मी तो उशिरा उघडला, आणि तोवर एका एजन्सीकडे माझे पैसे अडकले होते. आता नवं काम घेण्याआधी पहिली भेट तिथे. स्वतःचे अनुभवही मी नोंदवते, चांगलेसुद्धा.

इंग्रजी–मराठी जोडीत प्रश्न कमी येतात, हे आधीच माहीत असू द्या. कधी दहा-दहा दिवस काही नाही. म्हणून मी इंग्रजी–हिंदी आणि इंग्रजी–इंग्रजीमधले वैद्यकीय प्रश्नही वाचते. तिथल्या चर्चेत संकल्पना पक्की होते, मराठी शब्द मग आपला आपण शोधता येतो. मराठीतून काम करणाऱ्या आणखी लोकांनी इथे लिहायला हवं, असं मला मनापासून वाटतं. संमतिपत्रातली मराठी कशी असावी यावर मोकळी, नोंद राहील अशी चर्चा मला दुसरीकडे सापडलेली नाही.

सशुल्क सदस्यांची नावं यादीत आधी येतात. मी अजून शुल्क भरलेलं नाही. मिळालेली सगळी कामं उत्तरांमुळे आली, त्यामुळे आणखी सहा महिने असंच चालवून बघणार आहे.