कार्ब ठेवायचा की इंजेक्शन बसवायचं? मुंबईत जुनी गाडी चालवणाऱ्यांसाठी

माझी प्रीमियर पद्मिनी १९८६ची, अजून कार्बवर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या जुन्या कार्ब्युरेटरवर. मेहुण्याची १९८८ची. दोन वर्षांपूर्वी तिचा सोलेक्स कार्ब उतरवून आम्ही दोघांनी कळव्याच्या एका गॅरेजमध्ये तिला इंजेक्शन, म्हणजे विजेच्या इंजेक्टरने पेट्रोल मोजून फवारणारी यंत्रणा, बसवलं. इंजिन दोन्हींचं तेच, १०८९ सीसीचं. त्यामुळे कोणी विचारलं की काय करू, तर मला दोन गाड्या शेजारी उभ्या करून बोलता येतं.

परदेशी व्हिडिओंत इंजेक्शनचं पहिलं कौतुक असतं ते थंडीत एका सेल्फला गाडी सुरू होण्याचं. ते आपण बाजूला ठेवू. मुंबईत जानेवारीच्या पहाटे पारा सहसा सोळा-सतरावर येतो. चोक अर्धा ओढला की कुठलीही धड कार्बवाली गाडी सुरू होते. आपला त्रास उलटा आहे. आपल्याकडे गाडी गरम असताना रुसते.

मागच्या मे महिन्यात दोन्ही गाड्या घेऊन जुन्या रस्त्याने लोणावळ्याला निघालो होतो. खोपोलीच्या पुढे घाटात एक ट्रक आडवा झालेला. वीस-पंचवीस मिनिटं जागच्या जागी. माझी गाडी आधी मिसिंग खायला लागली, मग दोनदा खोकली आणि गप्प. पंपावर ओलं फडकं टाकून, बॉनेट उघडं ठेवून उभा राहिलो. पुढे मेहुण्याच्या गाडीचं इंजिन शिवणयंत्रासारखं चालू, आणि बहीण खिडकीतून विचारतेय, पन्हं देऊ का म्हणून.

कारण साधं आहे. मूळ मेकॅनिकल पंप इंजिनलाच लटकलेला असतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना पाइपातला दाब कमी होतो, वरून इंजिनची धग, त्यात पेट्रोलची वाफ होते. पंप वाफ ढकलू शकत नाही. कार्बच्या फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे त्याच्या छोट्या टाकीतलं, पेट्रोलही उकळतं. इंजेक्शनमध्ये पंप टाकीजवळ असतो, साधारण तीन बारने ढकलतो, आणि लागेल तेवढं घेऊन उरलेलं रिटर्न पाइपने टाकीत परत जातं. पाइपात सतत ताजं पेट्रोल फिरत राहतं. कार्बला लागणारा दाब याच्या दहाव्या हिश्शाएवढाही नसतो.

पण हे सांगून थांबलो तर ती फसवणूक होईल. त्या ट्रिपनंतर मी टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप टाकला, कार्बखाली बेकेलाइटचा जाड स्पेसर घातला आणि सायलेन्सरच्या बाजूने पत्र्याची आड केली. कार्बचं किट, शाफ्टचं बुशिंग धरून आठ-नऊ हजारांत भागलं. तेव्हापासून गाडी गरम होऊन बंद पडलेली नाही. मेहुण्याचा हिशेब साठ हजार ओलांडून गेल्यावर त्याने वही मिटली. म्हणजे उष्णता हा इंजेक्शनचा मुद्दा आहे, पण एकट्या उष्णतेसाठी इंजेक्शन बसवू नका.

ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, हा त्याहून मोठा मुद्दा. वजनाने निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, ई-२०ला साधारण १३.५. कार्बच्या जेटला हे कळत नाही. ते भोकाच्या मापाने देतं. म्हणून तीच गाडी आता लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालते, पिकअपला अडखळते, जास्त तापते. उपाय मेन जेट एक-दोन नंबर मोठं करण्याचा, आणि तो कार्बवरही होतो. इंजेक्शनमध्ये सेन्सर सायलेन्सरमधला ऑक्सिजन वाचून आपोआप भर घालतो. घाटमाथ्यावर उलटं होतं, तिथेही सेन्सर सांभाळून घेतो. महाबळेश्वरला हवा मुंबईपेक्षा बारा-तेरा टक्के विरळ असते. तिथे मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होऊन माझी गाडी काळा धूर सोडते, मेहुण्याची नाही. होज मात्र दोघांनाही बदलावेच लागतात. जुनं रबर इथेनॉलमध्ये फुगतं, चिरतं. इंजेक्शनला तर आर-९ दर्जाचेच होज आणि कडा वळवलेल्या क्लिपा हव्यात. साधी स्क्रूची क्लिप रबर कापते, आणि तीन बारची पिचकारी गरम सायलेन्सरवर उडाली तर पुढचं सांगायला नको.

इंजेक्शनच म्हणायचं, तर कुठलं?

अमेरिकन तयार किट, होली स्नायपरसारखी, बघायला मोहक असतात. कार्ब काढा, तिथे हे ठेवा, चार वायरी जोडा. पण त्यांचं नेहमीचं चार तोंडांचं मॉडेल मोठ्या व्ही-८साठी आहे, साडेसहाशे अश्वशक्तीपर्यंत पेट्रोल देणारं. आपली पद्मिनी चाळीस-पंचेचाळीसची. तिला पूर्ण जोरातही सगळे इंजेक्टर मिळून मिनिटाला तीनशे सीसीच्या आसपास पुरतं. मोठ्या इंजेक्टरला आयडलिंगवर, म्हणजे स्लोला, इतका थोडा वेळ उघडावं लागतं की तो धड उघडतच नाही, आणि स्लो बसत नाही. हंड्याने चमचाभर औषध मोजण्यातला प्रकार.

आम्ही मारुतीच्या इंजेक्शनवाल्या गाडीची थ्रॉटल बॉडी, म्हणजे हवेची झडप असलेलं तोंड, घेतली, लेथवर ॲल्युमिनियमचा अडॅप्टर करून त्यात दोन लहान इंजेक्टर बसवले. वर स्पीडुइनो, म्हणजे खुल्या आराखड्याचा ईसीयू, इंजेक्टर कधी आणि किती उघडायचे ते ठरवणारा छोटा संगणक. सुटे भाग लॅमिंग्टन रोड, ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आले. यात मूळ इंजिनला काही कापावं लागलं नाही. उद्या कार्ब परत लावता येतो, आणि माझ्या मते जुन्या गाडीत हीच पहिली अट असावी.

तिसरा रस्ता दर सिलिंडरला एक इंजेक्टर. पेट्रोल सगळीकडे सारखं वाटलं जातं, ऍव्हरेज आणि पिकअप दोन्ही चांगले. पण त्यासाठी मॅनिफोल्डला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांना) इंजेक्टर बसायला बॉस, म्हणजे धातूचे जाड कडे, वेल्ड करावे लागतात. तुमची गाडी १४८९ सीसीची ॲम्बेसेडर असेल तर जरा थांबा. त्या बीएमसी इंजिनच्या हेडमध्ये चार सिलिंडरना इनलेटची तोंडं दोनच आहेत. शेजारचे दोन सिलिंडर एकाच तोंडातून ओढतात आणि एकमेकांच्या वाटणीचं पळवतात. इंजेक्टरची वेळ कॅमशी काटेकोर जुळवली नाही तर एक सिलिंडर रिच, दुसरा लीन. त्या गाडीला थ्रॉटल बॉडीचाच रस्ता बरा.

विजेचं आधी बघा. गाडीला अजून डायनॅमो असेल तर इंजेक्शनचा विचार अल्टरनेटर लावल्यानंतर करायचा. पंपच पाच-सहा अँपिअर खातो. डायनॅमो स्लोवर जवळजवळ काही देत नाही. विक्रोळीच्या ट्रॅफिकमध्ये पंखा, दिवे, वायपर चालू असताना व्होल्टेज पडतं, इंजेक्टर उशिरा उघडतो आणि गाडी लीन होते. मग लोक ट्यूनिंगला शिव्या घालतात.

आणि पावसाळा. गेल्या जुलैत सायनला मेहुण्याची गाडी चालता चालता विझली. खोकली नाही, अडखळली नाही, बल्ब गेल्यासारखी. लॅपटॉप, मल्टिमीटर, छत्री, सगळं झालं. शेवटी ईसीयूची अर्थिंग रंगवलेल्या ब्रॅकेटवर कसलेली निघाली, बोल्टखाली हिरवट चुरा. सँडपेपरने घासली आणि गाडी सुरू. चूक आमचीच. अर्थिंग थेट इंजिन ब्लॉकवर, एकाच जागी घ्यायला हवी होती. त्याच आठवड्यात माझ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पाणी गेलं. कॅप काढली, रुमालाने पुसली, निघालो. कार्बवाली गाडी बिघडायच्या आधी चार दिवस कुरकुरते. इंजेक्शनवाली एकदम पाठ फिरवते.

ट्यूनिंगबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. किट "आपोआप शिकतं" हे खरं, पण ते शिकतं सेन्सर सांगेल ते. आमची गाडी पहिले पंधरा दिवस स्क्रीनवर कायम लीन दिसायची. ईसीयू बिचारा पेट्रोल वाढवत होता, आणि प्लग काढला तर काजळीने काळाकुट्ट. सेन्सर लीन म्हणतोय, प्लग रिच म्हणतोय. अशा वेळी प्लगवर विश्वास ठेवा. थंड इंजिन सुरू करून एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या सांध्यावर कपडे धुण्याच्या पावडरचं पाणी सोडलं, तर एका कोपऱ्यात फसाफसा बुडबुडे. गॅसकेट फुंकत होतं, तिथून बाहेरची हवा आत खेचली जात होती आणि सेन्सर तो ऑक्सिजन मोजत होता. गॅसकेट बदलल्यावर तीच गाडी इतकी रिच निघाली की ईसीयूतला पेट्रोलच्या मापांचा सगळा नकाशा पुन्हा खाली आणावा लागला.

ते झाल्यावर दोन रविवार पहाटे ईस्टर्न फ्रीवेवर. मेहुणा गाडी चालवतो, मी शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन. स्क्रीनवर चौकटींचा तक्ता, आडवे आरपीएम, उभा मॅनिफोल्डचा दाब, आणि त्यात एक ठिपका फिरतो. ठिपका ज्या चौकटीत रेंगाळतो तिथली नोंद सुधारायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. आकडे लॅम्डामध्येच बघा, त्यात १ म्हणजे नेमकं मिश्रण, त्याहून कमी म्हणजे रिच. १४.७चं माप निव्वळ पेट्रोलचं आहे, ई-२०वर ते गोंधळात टाकतं. आम्हाला स्लोला ०.९५, एका वेगात चालताना १, पूर्ण दाबल्यावर ०.८७च्या आसपास मानवलं. आणि हे सगळं पॉइंट, टायमिंग, टॅपेट आणि व्हॅक्यूमची गळती मार्गी लावल्यानंतर. "कार्ब खराब आहे" म्हणून माझ्याकडे आलेल्या गाड्यांपैकी निम्म्यांचा कार्ब ठीकच होता. शाफ्ट ढिला तरी असतो, नाहीतर कंडेन्सर गेलेला.

कार्बच्या विरोधात मला खरी काळजी वेगळीच वाटते. पद्मिनी कुर्ल्यात बनायची, आणि ती दुरुस्त करणारे हात टॅक्सीवर जगत होते. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ला रस्त्यावरून उतरली. एकेकाळी कुठल्याही टॅक्सी स्टँडवर कानाने स्लो बसवून देणारा मिस्त्री भेटायचा. आता माझा मिस्त्री सत्तरीचा आहे, आणि त्याच्या मुलाला मारुतीच्या पुढचंच काम येतं. पण म्हणून इंजेक्शन सोपं ठरत नाही. त्या मुलाला इंजेक्टर कळतात, आमचा स्पीडुइनो कळत नाही. तो फक्त मेहुण्याला कळतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. पीयूसीसाठी इंजेक्शनची गरज नाही. इतक्या जुन्या पेट्रोल गाडीला स्लोवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के आहे, नीट बसवलेला कार्ब त्यात आरामात बसतो. गाडी पन्नास वर्षांवरची असेल आणि २०२१च्या व्हिंटेज नियमांखाली व्हीए मालिकेचा नंबर घ्यायचा असेल, तर ती मूळ रूपात असावी लागते. तिथे इंजेक्शनचा विचारही करू नका. बाकीच्यांनी बदल करण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा फेरफारांबद्दल आहे.

तेव्हा, महिन्यातून दोन रविवार गाडी काढणार असाल तर कार्ब ठेवा, नीट करून घ्या, उरलेल्या पैशांत होज आणि वायरिंग बदला. रोज ऑफिसला न्यायची असेल, घाट नेहमीचा असेल आणि लॅपटॉप उघडायला कंटाळा नसेल, तर थ्रॉटल बॉडी. चार इंजेक्टरचा रस्ता ज्यांना गाडी चालवण्यापेक्षा तिच्याशी झटापट करायला आवडते त्यांच्यासाठी. गाडी गॅरेजवाल्याच्या हवाली करून चावी परत घ्यायला जाणाऱ्यांनी इंजेक्शनच्या वाटेला जाऊ नये.

अजून ठरत नसेल तर आधी फक्त वाइडबँड सेन्सर, म्हणजे मिश्रण किती लीन-रिच ते आकड्यात सांगणारा ऑक्सिजन सेन्सर, आणि मीटर बसवा. सायलेन्सरच्या पाइपवर वरच्या बाजूला, घड्याळात दहा ते दोनच्या मध्ये, म्हणजे पाणी त्यात साचत नाही. इंजिन चालू असताना त्याचा हीटर बंद ठेवू नका, सेन्सर जातो. कार्बवरच दोन महिने आकडे बघा. माझ्या गाडीत तो मीटर ॲशट्रेच्या जागी आहे, आणि जेट बदलल्यापासून त्याच्याकडे बघायचंही मी विसरतो. मेहुण्याचा काढलेला सोलेक्स बिस्किटाच्या डब्यात, आमच्याच माळ्यावर. बहीण तो घरात ठेवू देत नाही, पेट्रोलचा वास येतो म्हणून.