रोज चालवायची जुनी गाडी? पद्मिनी घ्या

जुनी गाडी हवी, पण कव्हर घालून ठेवायला नको, असं कुणी म्हटलं की मी प्रीमियर पद्मिनीचंच नाव घेते. आप्पांची गाडी आता मी चालवते. भाजी, लग्नकार्य, आईचा दवाखाना, सगळं तिच्यातच.

मूळची ही इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. आधी आली ‘डुक्कर’ फियाट, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी. १९६४ला सरळ दरवाजांची ११०० डिलाइट आली आणि १९७४पासून तीच पद्मिनी झाली. नाव बदललं, आतला ऐवज बहुतेक तोच. गाड्या किती बनवायच्या तेही सरकारी परवान्यावर ठरायचं, लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे. बदल करायची निकड कुणाला? पण त्या न बदलण्याचाच आज आपल्याला फायदा होतो. एका गाडीचे पार्ट दुसरीला बसतात, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे ही गाडी हाताखालून गेलेली नाही असा जुना मेकॅनिक तिथे विरळाच.

इंजिन १०८९ सीसीचं, ताकद बेताची. बॉनेट उघडलं की प्लग, पॉइंट (प्लगची ठिणगी वेळेवर पाडणारे), कार्बोरेटर, फॅनबेल्ट सगळं हाताला लागतं. उन्हाळ्यात घाटात इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप तापला तर त्यावर ओलं फडकं टाकायचं, जरा थांबायचं, निघायचं. गिअर स्टिअरिंगजवळ, त्यामुळे पुढे पाय ठेवायला ऐसपैस जागा. आमच्या गाडीची पुढची सीट सलग आहे, तिघं आरामात बसतात. डिकीही चांगली खोल.

ब्रेक मात्र चारही चाकांना ड्रमचे. पुढच्या गाडीपासून अंतर राखूनच चालवा, पावसात जास्तच.

घेताना इंजिनाला भुलू नका, ते कधीही बांधून मिळतं. आधी पत्रा बघा: दरवाजांखालची पट्टी, पायाखालचा तळ, डिकीचा तळ. मॅट उचलायला लावा. गंज आत शिरला असेल तर कितीही स्वस्त मिळो, सोडा.

शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. पार्टचं मोठं गिऱ्हाईक गेलं. म्हणून गाडी घेतलीत की पेट्रोलच्या पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा), पॉइंट आणि हेडगॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) लगेच घेऊन ठेवा.