म्हाताऱ्या मांजरीसाठी कैचीवालं छोटं नेलकटर, आणि ओरखड्यांवरच्या मलमांबद्दल

आमची मनी आता १६ वर्षांची आहे, म्हणजे माणसाच्या हिशोबात ऐंशीच्या घरातली आजीबाई, आणि तिच्या नखांनी आईच्या हातांची पार चाळण केलीये. त्यापायी घरात मलमांचा अख्खा डबा जमलाय. त्यातलं कामाचं काय आणि फुकट गेलेलं काय ते लिहिते, पण निकाल आधीच सांगते, सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मलमाचा नाहीच, दोन-अडीचशे रुपयांच्या नेलकटरचा.

मनी रागीट वगैरे अजिबात नाही हां. तिचे गुडघे गेलेत, मागच्या पायांत जोर राहिला नाही, मग मांडीवर चढताना घसरते आणि पुढच्या पंजाने जे हाताला लागेल ते पकडते. त्यात म्हातारपणी मांजरी खांबाला, सोफ्याला नखं घासत नाहीत, मग वरचा जुना पापुद्रा गळून पडत नाही, नख जाड आणि आकड्यासारखं वळलेलं होतं आणि नीट आतही जात नाही. साडीत अडकलं की ती घाबरून ओढते आणि आईच्या हातावर खोल रेघ. आईला शुगर, त्यात कातडी एवढी पातळ झालीये की साधा ओरखडासुद्धा चिघळतो.

तर नेलकटर. दुकानदाराने आधी गिलोटिन टाइपचं गळ्यात मारलं होतं, भोकात नख घालून दाबायचं ते. जाड नखाला ते बेकार, चेपतं आणि टोक फाटतं. आता वापरतो ते छोट्या कात्रीसारखं आहे, पात्याला अर्धचंद्राची खाच, नख तिथे बसतं आणि कट्कन तुटतं. पकड रबराची आहे, सुटत नाही. मनी दुपारी उन्हात पेंगत असते तेव्हा पंजाची गादी अंगठ्याने हलकी दाबायची, नख बाहेर येतं, उजेडात धरलं की आतला गुलाबी भाग दिसतो, तिथे रक्तवाहिनी असते, तो सोडून फक्त पुढचं पांढरं टोक उडवायचं. एका बैठकीत दोन-तीनच नखं, ती उठून गेली की विषय संपला, उरलेली उद्या. चुकून रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर दाबून धरायचं. आणि आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख विसरू नका, ते जमिनीला लागत नाही म्हणून झिजत नाही, गोल वळून गादीतच घुसतं, मग तिलाही पू होतो. दोन-तीन आठवड्यांनी एकदा असं केलं की पुरतं. ओरखडे बंद नाही झाले, पण आता नुसती लाल रेघ उठते, खोल जात नाही.

मलमांचं म्हणाल तर त्याआधी नळ आणि साबण. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं, घड्याळ लावून. १५ मिनिटं खूप वाटतात, आई तिसऱ्या मिनिटाला वैतागते, पण याला पर्याय नाही. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन, स्वस्त आणि मस्त, फक्त साडीला डाग पडतो. म्युपिरोसिन हे अँटिबायोटिक मलम डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, वरवरच्या पुवावर चांगलं चाललं, महाग आहे पण ट्यूब पुरते. फुकट गेली ती खाजेची ट्यूब, मेडिकलवाल्याने मागितल्याबरोबर काढून दिलेली, त्यात स्टिरॉइड असतं, लाली दबते आणि आत इन्फेक्शन वाढत राहतं. हळद, चुना, मिरची काही भरू नका, शेजारच्या काकू कितीही सांगू देत. अजून एक, डेटॉलसारखी जंतुनाशकं मांजरीच्या पोटात जाणं धोक्याचं असतं आणि मनीला आईचा हात चाटायची सवय, म्हणून काहीही लावलं तरी वर गॉज आणि पट्टी.

आता मलमाच्या हातात नसलेली गोष्ट. मागच्या खेपेला मनगटाजवळ सूज आली तर डॉक्टरांनी लालीच्या कडेने चक्क बॉलपेनने रेघ मारली आणि म्हणाले, लाली रेघेबाहेर गेली तर लगेच या. भारी आयडिया आहे, आता आम्हीच मारतो. लाली पसरतेय, हात गरम लागतोय, लाल पट्टा वर सरकतोय, ताप आलाय, यातलं एक जरी दिसलं तरी मलम चोपडत बसू नका, पोटातून गोळी लागते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची, घरात उरलेलं अँटिबायोटिक नाही. दात लागला असेल तर अजून घाई, मांजरीच्या तोंडातल्या जंतूने एका दिवसात हात सुजू शकतो. आणि जखम भरून आल्यावर दोन-तीन आठवड्यांत काखेत गाठ आली तर ओरखड्याचं आवर्जून सांगा, बार्टोनेला नावाच्या जंतूने तसं होतं, तो मांजरींमध्ये पिसवांमुळे पसरतो, म्हणून म्हाताऱ्या मांजरीच्याही पिसवांचा बंदोबस्त ठेवा.

धनुर्वाताचं इंजेक्शन बाकी आहे का ते बघाच. रेबीजचंही विचारा, "घरातलीच तर आहे" म्हणून सोडू नका, रेबीजच्या नियमांत ओरखडाही धरतात, रक्त आलं की जास्त धोक्याच्या वर्गात जातो. लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. कोर्स आधी पूर्ण झालेला असेल तर पुढच्या वेळी साधारण २ डोसांत भागतं, पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तीन दिवसांनी, म्हणून जुना कागद जपून ठेवा, आईचा आम्ही मनीच्या लसीच्या कार्डालाच स्टेपल केलाय.

नेलकटरला ५ पैकी ४. एक कापला कारण स्प्रिंग लवकर ढिली पडते, थेंबभर शिवणयंत्राचं तेल सोडावं लागतं. बॅटरीवरचं ग्राइंडरही मैत्रिणीकडून आणून बघितलं, त्याच्या घुर्र आवाजाने मनी जी कपाटामागे गेली ती जेवायच्या वेळेलाच बाहेर आली, तर त्यावर पैसे घालू नका.